संगीताचे संग्रहालय कानांनी कसे पाहावे : सांगली-मिरजेच्या रसिकांसाठी

संगीताच्या संग्रहालयातील सर्वांत मोलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. काचेच्या कपाटात सतार असते, तिच्याखाली माहितीची पट्टी असते, शेजारी पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन असतो. पण ज्या नादासाठी ही सारी मांडणी केलेली असते, तो ऐकायचा तर पाहणाऱ्याने स्वतःहून थांबावे लागते, हेडफोन कानाला लावावा लागतो आणि ध्वनिमुद्रण संपेपर्यंत जागचे हलायचे नाही असे मनाशी ठरवावे लागते. नाण्यांचे किंवा शस्त्रांचे दालन चालता चालता पाहता येते. ध्वनीचे दालन तसे पाहिले, तर परतताना हाती मोबाईलमधली छायाचित्रे तेवढी उरतात. म्हणून या भेटीची तयारी निराळी करावी लागते, आणि सांगली-मिरजेच्या माणसाला ती आपल्या घराजवळच करता येते.

संगीतकार, वाद्ये आणि ध्वनिमुद्रणाचा इतिहास या तिन्ही गोष्टी एका छताखाली पाहायच्या असतील, तर आपल्याकडून जाण्याजोगे ठिकाण म्हणजे बंगळुरूच्या जे. पी. नगरमधील ‘इंडियन म्युझिक एक्स्पिरियन्स’ हे संग्रहालय. ते २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. शास्त्रीय संगीतापासून लोकसंगीत आणि चित्रपटगीतांपर्यंतची दालने, वाद्यांचा मोठा संग्रह, ध्वनिमुद्रणाची जुनी यंत्रे आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत स्वतः वाजवून पाहता येणारी नादशिल्पे अशी त्याची रचना आहे. ज्यांना इतका प्रवास शक्य नाही, त्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यांच्या दालनापासून सुरुवात करावी. तेथे ध्वनिमुद्रणाचा इतिहास मिळणार नाही, पण वाद्यांची घडण आणि त्यांवरील नक्षीकाम पाहण्यासाठी ते दालन उत्तम आहे. पुढील सूचना मुख्यतः बंगळुरूची भेट समोर ठेवून लिहिल्या असल्या, तरी अशा कोणत्याही संग्रहालयात त्या उपयोगी पडतील.

आधी मिरज, मग बंगळुरू

माझे आग्रहाचे सांगणे असे की, बंगळुरूचे तिकीट काढण्यापूर्वी एक सकाळ मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घालवावी. सांगलीहून मिरज जेमतेम दहा किलोमीटरवर आहे आणि तरीही सांगलीत आयुष्य गेलेली कितीतरी माणसे त्या गल्लीत एकदाही गेलेली नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने येथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी तो व्यवसाय आजवर चालवला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. परंतु ते वाचणे आणि कारखान्याच्या उंबऱ्याशी बसून काम पाहणे यांत फार अंतर आहे.

तेथे गेल्यावर काय पाहावे, हे आधी ठरवलेले बरे. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेले, वाळवलेले भोपळे रचून ठेवलेले दिसतील. कोणता भोपळा सतारीला, कोणता पुरुषी तंबोऱ्याला आणि कोणता बायकी तंबोऱ्याला, हे कारागिराला विचारावे. आकार आणि घेर पाहून ते कसे ठरते, हे तो आपणहून दाखवतो. दांडीचे लाकूड, खुंट्या, पडदे बांधण्याची पद्धत, तरफांच्या (मुख्य तारांबरोबर आपोआप झणझणणाऱ्या) बारीक तारा हे सारे पाहण्यासारखे आहे. पण वेळ थोडा असेल, तर जवारी लावण्याचे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून नाद खुलवण्याचे, काम तेवढे चुकवू नये. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, परंतु त्याला अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो, आणि तार त्या उतारावर हलके हलके टेकत थरथरते म्हणून नादात ती भरीव झणझण येते. कारागीर कानस एकदोनदा फिरवतो, तार चढवतो, छेडतो, मान कलती करून ऐकतो, तार उतरवतो आणि पुन्हा कानस घेतो. शेवटी तारेखाली सुताचा एक धागा सरकवतो. धागा केसभर पुढे-मागे झाला की तोच तंबोरा कधी बंद, कधी खुला बोलतो. हा फरक एकदा कानांनी टिपला, की पुढे संग्रहालयात काचेमागचा तंबोरा पाहताना नजर आपोआप घोडीकडे जाते, आणि त्या मुक्या वाद्याचा आवाज कसा असेल याची काहीतरी कल्पना बांधता येते.

गल्लीत जाताना हे लक्षात ठेवावे की ती प्रदर्शनाची जागा नसून कामाची जागा आहे. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, तयार वाद्याला परवानगीवाचून हात लावू नये, शुक्रवारी दुपारच्या नमाजाची वेळ टाळावी, आणि काही विकत घ्यायचे नसेल तर तसे सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगावे. कारागीर बोलायला नाखूश नसतात. काम अर्धवट सोडून उठावे लागणे मात्र त्यांना अडचणीचे होते.

त्याच फेरीत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात जाऊन किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. खाँसाहेब मिरजेत राहिले, येथे त्यांनी शिष्य घडवले, १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेत आणून दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेला देशभरचे कलावंत हजेरी लावतात. संग्रहालयात त्यांचे छायाचित्र किंवा त्यांची तबकडी समोर येईल तेव्हा ती आपल्या गावच्या माणसाची वाटावी, एवढ्यासाठी हे दर्शन.

घरी करायचा गृहपाठ

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील चार टप्पे घरूनच समजून घेतले, तर तेथील फलक वाचण्यात वेळ जात नाही. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला, तो नळकांड्यावर ध्वनी उमटवणारा होता. एमिल बर्लिनर याने पुढील दशकात सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला, आणि तबकडीच्या छापावरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्यामुळे संगीताचा व्यापार शक्य झाला. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे गाणे मावू लागले. त्यापुढील कॅसेट आणि सीडी आपण वापरलेल्याच आहेत.

या चारांपैकी मधल्या दोन टप्प्यांनी आपल्या गाण्यावर काय केले, हे ऐकण्याचा एक सोपा मार्ग अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच तबकड्यांतून मिळतो. त्यांची काही ध्वनिमुद्रणे १९०५ च्या सुमाराची, म्हणजे मायक्रोफोनपूर्व काळातली आहेत, आणि जी आज सर्वांच्या ओठी आहेत ती झिंझोटीतील ठुमरी आणि भैरवी ही १९३० च्या दशकातली, विजेच्या ध्वनिमुद्रणाची आहेत. दोन्ही इंटरनेटवर सहज मिळतात. एका संध्याकाळी ती एकामागून एक ऐकावीत. पहिल्यात गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात आहे. त्या कर्ण्याच्या टोकाशी एक पातळ पडदा आहे, पडद्याला सुई जोडली आहे आणि ती सुई मेणाच्या तबकडीत खाच कोरते आहे. या साऱ्या खटाटोपाला लागणारी शक्ती केवळ गायकाच्या फुप्फुसातून येते. म्हणून आवाज जोरकस, काहीसा ताणलेला वाटतो आणि तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही. दुसऱ्यात तोच गायक हळू स्वरावर विसावताना दिसतो, कारण आता हळू म्हटलेलेही यंत्र टिपत होते. वय वाढले, गाणे पिकले, हेही खरेच. पण त्या विसाव्याचा काही वाटा यंत्राकडे जातो, असे माझे मत आहे.

दुसरा अभ्यास घड्याळ घेऊन करावा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांहून थोडेच अधिक मावत असे, बारा इंचीत चार-साडेचार. तासभर राग मांडणाऱ्या गायकाने त्या तीन मिनिटांत काय केले, हे सेकंदाकाट्यावर पाहावे: स्थायी किती लवकर आटोपली, अंतऱ्यावर केव्हा गेला, ताना कोठे घातल्या, सम (तालाची पहिली मात्रा) साधून थांबला की वेळ संपत आली म्हणून घाई केली. नाट्यसंगीतासाठी तर हा अभ्यास फारच बोलका आहे. पलूस तालुक्यातील नागठाण्यात १८८८ मध्ये जन्मलेल्या बालगंधर्वांचे पद रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीही लांबत असे. तबकडीवर तेच पद तीन मिनिटांत बंद झालेले आहे. आपण आज जे बालगंधर्व ऐकतो ते या चौकटीतले आहेत. मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्याही याच कानाने ऐकाव्यात. दीनानाथांचे बिऱ्हाड सांगलीत होते आणि हिराबाईंचा जन्म मिरजेचा, तेव्हा आरंभ घरच्या माणसांपासूनच होतो.

प्रवास

मिरज जंक्शनवरून बेळगाव, हुबळीमार्गे बंगळुरूला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या सोयीच्या आहेत. राणी चन्नम्मा त्यांतली जुनी आणि ओळखीची. सुट्ट्यांत आरक्षण लवकर भरते. वाटेत धारवाड, हुबळी आणि कुंदगोळ लागते, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि सवाई गंधर्व या गायकांचा मुलूख अंधारात मागे सरतो. मुलांना झोपण्यापूर्वी एवढे अवश्य सांगावे. बंगळुरूत मेट्रोच्या ग्रीन लाईनने जे. पी. नगरच्या दिशेने जाऊन पुढे रिक्षा करावी. वेळा, सुटीचा दिवस आणि तिकीटदर निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवारी रात्री गाडीत बसण्याचा बेत आखू नये. शनिवार-रविवारी गर्दी असते, आणि ऐकण्याच्या जागी गर्दी म्हणजे हेडफोनसाठी रांग. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडताना पोहोचणे सर्वांत चांगले.

दालनांत गेल्यावर

पहिली फेरी ऐकण्यासाठी नसावी. वीस-पंचवीस मिनिटांत सारी दालने नुसती चालून पाहावीत आणि कोठे थांबायचे ते ठरवावे. सगळे ऐकण्याचा अट्टहास धरणाऱ्यांचे कान दीड-दोन तासांत थकतात आणि मग पुढचे सारे सारखेच वाटू लागते. चार-पाच जागा निवडाव्यात, पण तेथे जे ऐकायचे ते शेवटपर्यंत ऐकावे. टचस्क्रीनवर वीस कलावंतांची यादी असते आणि बोट आपसूक पुढे सरकते. ते बोट आवरावे. तासाभराने बाहेर येऊन चहा घ्यावा, थोडे गप्प बसावे, मग परत आत जावे. आवाज कमी ठेवून ऐकावे. बारीक तपशील कमी आवाजातच अधिक कळतात.

ग्रामोफोनसमोर मात्र बराच वेळ द्यावा, कारण ते यंत्र पाहून समजते. त्याला वीज लागत नाही: चावीने आतली स्प्रिंग गुंडाळायची, ती उलगडताना तबकडी फिरते, सुई खाचेतील नागमोडी वळणे चाचपते, तिची थरथर अभ्रकाच्या पातळ चकतीपर्यंत जाते आणि तेथून कर्ण्यात मोठी होऊन बाहेर पडते. सुई पोलादाची असून प्रत्येक बाजू वाजवल्यावर बदलावी लागे, म्हणून यंत्राच्या कोपऱ्यात सुयांची लहान डबी किंवा वाटी बसवलेली असते; ती शोधावी. तबकडी लाखेची. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ती घडवत आणि ही लाख मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशातून जगभर जात असे.

तबकडी काचेमागे असली, तरी तिचे लेबल वाचता येते. त्यावर कलावंताचे नाव, राग किंवा नाटकाचे नाव, कंपनीचा क्रमांक असतो. आणि लेबल व शेवटची खाच यांमधल्या गुळगुळीत कड्यात कोरलेला एक बारीक क्रमांक असतो, तो ध्वनिमुद्रणाच्या मूळ साच्याचा. संग्राहक तबकडीचा काळ ठरवताना या क्रमांकाचा आधार घेतात. गायिका गौहर जान यांची तबकडी ऐकायला मिळाली, तर शेवट चुकवू नये. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात एका हॉटेलात यंत्रे मांडून जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांत त्यांची होती, आणि गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात, तेथील कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून ही घोषणा. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना उभा राहिला आणि पुढे तिची गरज उरली नाही.

गाणाऱ्या वाचकांसाठी एक सावधगिरीची सूचना. जुन्या तबकडीवरून अमुक गायक अमुक पट्टीत गात असे, असे ठामपणे म्हणू नये. मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग सर्वत्र रूढ होण्यापूर्वी तबकड्या कमी-अधिक वेगाने कोरल्या जात. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो, म्हणजे पांढरी एकमधला गायक काळी एकमध्ये गात असल्यासारखा वाटतो, लय वाढते आणि आवाजही किंचित बारीक होतो. संग्रहालयात ऐकवले जाणारे ध्वनिमुद्रण कोणत्या वेगाने उतरवले आहे, हे तेथील मार्गदर्शकाला जरूर विचारावे. असा प्रश्न विचारणारा पाहुणा आला की मार्गदर्शकही फलकापलीकडचे सांगू लागतात.

मुले बरोबर असतील, तर शेवटचा तास बाहेरच्या नादशिल्पांसाठी राखून ठेवावा. तेथे वस्तू हाताने वाजवून नाद कसा निर्माण होतो ते अनुभवता येते. आरंभीच त्यांना तेथे नेले, तर आतल्या दालनांत त्यांचे लक्ष लागत नाही. वडीलधाऱ्यांना ऐकण्याचे यंत्र असेल, तर त्यावर हेडफोन नीट बसतो का ते आधी पाहावे आणि नसेल बसत तर उघड्या स्पीकरवर ऐकवणारी दालने त्यांच्यासाठी निवडावीत. फलक मराठीत नसतील हे गृहीत धरून घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने आजी-आजोबांना ते वाचून, समजावून सांगण्याचे काम घ्यावे. त्या ओघात आजोबा ज्या आठवणी सांगतात, त्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायला विसरू नये.

परतल्यावर

सांगली, मिरज, तासगाव, विटा येथल्या कितीतरी घरांत माळ्यावर तबकड्यांची पेटी अजून पडून आहे, आणि अशी भेट झाल्यावर ती खाली काढण्याची इच्छा हटकून होते. ती काढताना घाई करू नये. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते आणि उन्हात वाकते; ती दोन्ही तळव्यांनी कडेला धरावी, खाचांवर बोटे टेकवू नयेत, आणि एकावर एक न रचता उभी ठेवावी. धूळ मऊ कोरड्या ब्रशने खाचेच्या दिशेने काढावी. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव्य लावू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि एका पुसण्यात गाणे कायमचे जाते. लाँग प्लेच्या रेकॉर्ड प्लेयरवर त्याच सुईने ती वाजवू नये. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला वेगळी सुई लागते. जुन्या ग्रामोफोनवर गंजलेली सुई लावून ‘एकदा वाजवून तर पाहू’ म्हणणे हे सर्वांत हानिकारक.

वाजवण्याआधी प्रत्येक लेबलचे आणि आतल्या कड्यातील क्रमांकाचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे. त्या क्रमांकावरून हे ध्वनिमुद्रण आधीच कोणी जतन केले आहे का, याचा शोध लागू शकतो. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० पासून या क्षेत्रात काम करते आहे. तबकड्या पुढे एखाद्या संग्रहाला द्यायच्या ठरल्या, तर पेटीबरोबर एका कागदावर त्या कोणी, कोठून घेतल्या, घरात कोणत्या प्रसंगी वाजत, याची नोंद लिहून द्यावी आणि त्या कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.